विद्यार्थ्यांसाठी आभासी जग निवडताना आधी दार तपासा

आभासी जग म्हणजे संगणकावरची अशी जागा, जिथे माणसं ‘अवतार’ नावाच्या आकृतीच्या रूपात फिरतात आणि एकमेकांना भेटतात. वर्गासाठी ते निवडण्याबद्दलचे बहुतेक सल्ले ग्राफिक्स आणि ‘मुलांना किती आवडेल’ इथून सुरू होतात. हा क्रमच मला पटत नाही. मुलांना जवळपास सगळीच जगं आवडतात. आधी दोन गोष्टी पाहायच्या: आत कोण येऊ शकतं आणि मुलांशी कोण बोलू शकतं.

धडा कोणता आणि शाळेतली यंत्रं कितपत चालतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मग वयाची अट वाचा. ती पाळता येत नसेल तर ते जग बाद. खोटी जन्मतारीख टाकायला मुलांना कधीही सांगू नका. तशा खात्याला मोठ्यांचे नियम लागतात आणि मुलांसाठीचं संरक्षण सुरुवातीलाच निघून जातं.

खरी अडचण पुढे आहे. ‘प्रायव्हेट’ हा शब्द दिसला की शिक्षक निर्धास्त होतात, आणि फसगत इथेच होते. जागा बंद असली म्हणून संपर्क बंद होत नाही. २००३ साली सुरू झालेल्या सेकंड लाइफ या आभासी जगात तुमची जमीन, म्हणजे तिथली तुमची जागा, ठरावीक नावांपुरती बंद करता येते, पण खासगी संदेशांना त्या जमिनीची हद्द लागू नाही. कुठलाही अनोळखी माणूस नाव शोधून मुलाला संदेश पाठवू शकतो. हे संदेश मित्र आणि ग्रुपपुरते मर्यादित करणारी सेटिंग आहे, पण ती ज्याच्या त्याच्या खात्यात, म्हणजे मुलाच्याच हातात. ज्याची किल्ली शिक्षकाकडे नाही, त्याला मी कुलूप म्हणत नाही.

याउलट माइनक्राफ्ट एज्युकेशनमध्ये, म्हणजे माइनक्राफ्ट या खेळाच्या शाळांसाठीच्या आवृत्तीत, मूळ सेटिंगनुसार एकाच संस्थेची खाती एकत्र खेळू शकतात. जॉइन कोड (आत येण्यासाठीचा संकेत) बाहेर फुटला तरी परका आत येत नाही, आणि एखाद्या मुलाची चॅट शिक्षकाला कमांड देऊन बंद करता येते. लहान वर्गांसाठी मी बेधडक हेच सुचवते. ओपनसिम्युलेटर हे आभासी जग उभारायचं सॉफ्टवेअर तुमच्याच सर्व्हरवर चालतं. त्यात हायपरग्रिड, म्हणजे अशा वेगवेगळ्या जगांना (ग्रिडना) जोडणारी सोय, बंद ठेवा, नाहीतर दुसऱ्या ग्रिडवरचे अवतार येऊ शकतात. सर्व्हर सांभाळणारा माणूस नसेल तर मात्र या वाटेला जाऊच नका.

माहितीपत्रकावर विसंबू नका, स्वतः चाचणी घ्या. शिक्षकाचं, विद्यार्थ्याचं आणि शाळेशी संबंध नसलेल्या एखाद्या मोठ्या माणसाचं, अशी तीन खाती लागतील. तिसऱ्या खात्यावरून आत शिरायचा, विद्यार्थ्याला शोधायचा, संदेश पाठवायचा, मैत्रीची विनंती धाडायचा प्रयत्न करा. यातलं एक जरी जमलं तरी ते का जमलं हे कळेपर्यंत थांबा. नंतर विद्यार्थ्याच्या खात्यावरून सगळ्या सेटिंग्ज बदलून पाहा. जे तुम्हाला बदलता आलं ते मुलंही बदलणार. शेवटी विद्यार्थ्याचं आणखी एक खातं घेऊन एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याला खासगी संदेश पाठवा. शिक्षकाला तो दिसतो का? नंतर त्याची नोंद सापडते का? त्रास देणारा वर्गातलाच असू शकतो, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. अपडेट आलं की सगळं पुन्हा करा.

पालकांना जग प्रत्यक्ष दाखवा.

आणि बॅकअप, कारण अशी जगं बंदही पडतात. अल्टस्पेसव्हीआर हे आभासी जग मार्च २०२३ मध्ये बंद झालं, मोझिला हब्ज या दुसऱ्या जगाची सेवा मे २०२४ मध्ये. ओपनसिम्युलेटरचा अख्खा प्रदेश ओएआर नावाच्या बॅकअप फाइलमध्ये उतरवता येतो, माइनक्राफ्टचं जग एक्सपोर्ट करता येतं. पहिल्याच आठवड्यात तशी फाइल काढा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.