आधी ग्रुप, मग पिवळा

एकाने टार्गेटवर सहा बाण सोडले: एक मधल्या पिवळ्यात, दोन निळ्यात, एक काळ्यात, दोन पांढऱ्यात. दुसऱ्याचे सहाही खाली डावीकडे निळ्यात, पण तळहाताएवढ्या जागेत, म्हणजे त्याचा ग्रुप जमला. टाळ्या पहिल्याच्या पिवळ्याला मिळतात. साईट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची सरकती पिन, मात्र दुसऱ्याचीच जुळणार, तीही दोन मिनिटांत. पहिल्याने ती कुठे न्यायची?

म्हणून क्रम असा ठेवा: आधी अंगाची सवय, मग धनुष्याची जुळणी, साईट सगळ्यात शेवटी. खालचं सगळं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य वापरणाऱ्या आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी आहे. डावऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं.

दोन मिलिमीटरचा हिशेब

पूर्ण ओढलेल्या बाणाची नॉकपासून (दोरीत बसणारी मागची खाच) रेस्टपर्यंतची (धनुष्यावर बाण टेकतो ती जागा) लांबी साधारण 70 सेंटीमीटर धरा. हनुवटीखालचा हात फक्त 2 मिलिमीटर वर-खाली झाला, तर बाण 18 मीटरवर सुमारे 5 सेंटीमीटर आणि 70 मीटरवर 20 सेंटीमीटर चुकतो. 18 मीटरच्या 40 सेंटीमीटर टार्गेटवर एक रिंग 2 सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे अडीच रिंगा गेल्या. 70 मीटरच्या 122 सेंटीमीटर टार्गेटवर रिंग 6.1 सेंटीमीटरची, तिथे तीनहून जास्त गेल्या. डोळा आणि पिन दोन्ही जागेवर असताना हे होतं, म्हणून तर माणूस उगाच नेमाला दोष देत बसतो.

अँकर म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर हात टेकवायची ठरलेली जागा, गालाला कुठेतरी टेकवणं नव्हे. तर्जनीची वरची कड जबड्याच्या हाडाखाली घट्ट बसली पाहिजे. दोरी हनुवटीला लागली पाहिजे आणि नाकाच्या शेंड्यालाही. तिन्ही ठिकाणी स्पर्श जाणवला नाही तर बाण सोडू नका, सावकाश दोरी परत न्या आणि पुन्हा सुरुवात करा. दाढा दरवेळी एकमेकींवर टेकलेल्या असाव्यात. तोंडात सुपारीचं खांड घोळवत नेमबाजी करणारे आपल्याकडे कमी नाहीत. जबडा उघडला की हात खाली येतो, नॉक खाली येते आणि बाण वर जातो. सुपारी नंतर खा.

डोळ्यासमोर दोरीची धूसर रेघ दिसते. ती राइझरच्या (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) आतल्या कडेवर ठेवायची की पिनच्या लगेच उजवीकडे, ते एकदाच ठरवा. रेघ सरकली की बाण डावी-उजवीकडे पसरतात.

पाय, मूठ, बोटं

पाय खांद्याइतके रुंद, वजन दोन्ही पायांवर, टाचांपेक्षा किंचित पुढे. जांभ्याच्या कातळावर किंवा खळ्यात जमीन कधी सपाट नसते, म्हणून पावलांच्या बाहेरून चुन्याची रेघ मारून ठेवा. दरवेळी त्याच खुणेत उभं राहायचं.

धनुष्य पकडायचं नाही, ढकलायचं. दाब अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागावर यावा, बोटांची पेरं साधारण 45 अंशांत तिरकी, बोटं सैल. धनुष्य पडेल या भीतीने मूठ आवळली जाते आणि राइझर वळतो. त्यावर उपाय एकच: फिंगर स्लिंग, म्हणजे बोटांना बांधून धनुष्य अडवणारी दोरी. बुटाच्या नाडीची केली तरी चालते. कोकणातल्या दमट हवेत तळवा घामेजतो, ग्रिपवर हात सरकतो. दर फेरीआधी सुती फडक्याने हात आणि ग्रिप दोन्ही पुसा.

दोरी बोटांच्या पहिल्या पेराच्या घडीत घ्या: एक बोट नॉकच्या वर, दोन खाली. मनगट सरळ, ओढ पाठीतून. अँकर लागल्यावर दोन ते तीन सेकंदांत बाण सुटला पाहिजे. पाच-सहा सेकंद झाले की पिन थरथरते आणि मग माणूस ती पिवळ्यावरून जाताना झटका मारतो. बोटं मुद्दाम उघडू नका. पाठीची ओढ चालू ठेवली आणि बोटं सैल पडली की दोरी आपसूक निघते आणि हात मानेकडे मागे जातो. हात गालापासून बाहेर फेकला गेला, तर बाण बहुधा डावीकडे जातो. डावा हात बाण टार्गेटला लागल्याचा आवाज येईपर्यंत तसाच समोर ठेवा; लवकर खाली आला की बाणही खाली.

क्लिकर, म्हणजे ओढ पूर्ण होताच टिक वाजणारी पट्टी, घाईने लावू नये. तुमची ओढ दरवेळी जवळपास सारखी येऊ लागल्यावरच तो कामाचा. अँकरला आल्यावर बाणाचं टोक त्याच्या पात्याखाली 2 ते 3 मिलिमीटर उरलेलं असावं. जास्त उरलं तर माणूस ते पार करायला मान पुढे काढतो.

या सगळ्याचा सराव टार्गेटचा कागद न लावता, 4-5 मीटरवरून नुसत्या बटवर, म्हणजे बाण अडवणाऱ्या गादीवर करा. रोज 30 बाण. जमल्यास अँकरनंतर डोळे मिटून. कंटाळवाणं आहे, पण ग्रुप इथेच जमतो. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो तेव्हा पडवीतही हे होतं, फक्त बटच्या मागून आणि बाजूने कुणाची ये-जा नसावी.

धनुष्य ओढायला जड असेल तर वरचं काहीच टिकत नाही. नवशिक्या मोठ्या माणसाला 20 ते 24 पौंड पुरेत, मुलांना त्याहून कमी. पूर्ण ओढून 15 सेकंद स्थिर धरता येत नसेल, तर लिंब्ज, म्हणजे धनुष्याचे वरचे-खालचे वाकणारे भाग, हलके घ्या. मात्र बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. सगळा जोर लिंब्जवर येतो आणि ते फुटतात.

धनुष्याची जुळणी

ब्रेस हाइट रोज मोजा, ग्रिपच्या सगळ्यात खोल भागापासून दोरीपर्यंत. 68 इंची धनुष्याला ती साधारण साडेआठ ते नऊ इंच असते. बनवणाऱ्याने दिलेला आकडा वेगळा असेल तर तो पाळा. नवी दोरी पहिले काही दिवस ताणते आणि ब्रेस हाइट उतरते. दोरीला पीळ वाढवला की ती चढते. सुटतानाचा आवाज बसका आणि कमी असेल ती जागा चांगली.

नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर नॉक बसवायची खूण, रेस्टपासून दोरीला काटकोनात येणाऱ्या रेषेच्या 3 ते 6 मिलिमीटर वर बांधून सुरुवात करा. नॉक दोरीवर कशी बसते तेही बघा. बाण दोरीला लटकवा आणि दोरीवर बोटाने टिचकी मारा, बाण सुटून पडला पाहिजे. न लटकताच पडत असेल तर नॉक सैल, दोन-तीन टिचक्यांनीही पडत नसेल तर घट्ट. सैल नॉक धोक्याची: ओढलेल्या स्थितीत बाण निसटला तर तो रिकामा शॉट होतो.

18 मीटरवर ग्रुप जमू लागला की बिनपिसांच्या बाणांची चाचणी घ्या. पिसांचे चार आणि बिनपिसांचे दोन बाण सारख्याच पद्धतीने सोडा. बिनपिसांचे पिसांच्या बाणांपेक्षा डावीकडे पडले तर बाण धनुष्याला कडक पडतो. रेस्टजवळ बाणाला बाजूने टेकणाऱ्या बटणाची स्प्रिंग सैल करा. उजवीकडे पडले तर बाण लवचिक पडतो. स्प्रिंग घट्ट करा. वर पडले तर नॉकिंग पॉइंट वर न्या, खाली पडले तर खाली. एका वेळी एकच बदल: स्प्रिंग पाव फेरा किंवा नॉकिंग पॉइंट 1 मिलिमीटर. दोन्ही एकदम हलवलं की कशाने काय झालं ते कळत नाही.

बाणांवर 1 ते 12 आकडे घाला. प्रत्येक फेरीत 7 नंबरचाच बाण बाहेर जात असेल, तर चूक तुमची नाही, बाणाची आहे: नॉक तडकली असेल, पीस उचकटलं असेल. जांभ्याच्या गडग्यावर आपटलेला कार्बन बाण हलकेच वाकवून, पिळून कानाशी धरा. कडकड आवाज आला तर मोडून टाका. तडा गेलेला बाण सुटताना फुटून हातात घुसू शकतो. बटमागे दगडी गडगा नको, मातीचा उंच बांध हवा.

साईट आणि खारा वारा

साईट बाणामागे जाते. ग्रुप उजवीकडे तर पिन उजवीकडे, ग्रुप वर तर पिन वर. दोन फेऱ्या, म्हणजे 12 बाण, त्याच जागी पडल्याशिवाय हात लावू नका.

किनाऱ्यावर सकाळी लवकर जमिनीकडून हलका वारा असतो. दहा-अकरानंतर समुद्राकडचा सुटतो, दुपारी जोर धरतो. म्हणून जुळणी सकाळीच करावी. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून टार्गेट उत्तरेला ठेवतात, तेव्हा दुपारचा वारा टार्गेटकडे बघताना डावीकडून येतो आणि बाण उजवीकडे ढकलतो. 18 मीटरवर त्याची चिंता नको, 50 आणि 70 मीटरवर मात्र रिंगा जातात. सुरूच्या बनाआड उभं राहून वारा थांबला असं वाटतं, पण बनाच्या फटीतून येणारा झोत अर्ध्या वाटेत बाणाला गाठतो. टार्गेटच्या माथ्यावर कापडाची चिंधी बांधा आणि ती बघा, शेंड्यांकडे नको. वारा एकसारखा असेल तर साईट सरकवा. झोत येत-जात असेल तर साईट तशीच ठेवून पिन वाऱ्याच्या बाजूला धरा.

घरी आल्यावर बटण, क्लिकर आणि लिंबचे बोल्ट कोरड्या फडक्याने पुसून त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचं बोट लावा. खाऱ्या हवेने बटणाची स्प्रिंग अडकली की ग्रुप डावी-उजवीकडे फुटतो, आणि आपण आठवडाभर मूठ सुधारत बसतो. दोरी ओढताना बोटांवर घालायच्या चामड्याच्या टॅबला पावसाळ्यात बुरशी येते, ती सावलीत वाळवा. बांबूचं देशी धनुष्य असेल तर रोज दोरी उतरवून, चुलीपासून लांब, कोरड्या जागी आडवं ठेवा. दमट हवेत चढवून ठेवलेला बांबू तसाच वाकून बसतो आणि त्याचा जोर उतरतो.