लाईट जाणाऱ्या गावात रोपांसाठी टायमर कसा निवडावा

आमच्या मागच्या खोलीत रॅकवर मिरची-टोमॅटोची रोपं आणि थोडं लेट्यूस एलईडी ट्यूबखाली वाढतं. लातूरकडच्या खेड्यात हे काम करायचं तर टायमर घेताना दुकानदाराला आधी एकच गोष्ट विचारायची, लाईट गेल्यावर हा काय करतो? किंमत, ॲप, वॉरंटी सगळं त्याच्या मागून.

टायमर हवाच, कारण रोपांना उजेड जितका लागतो तितकाच अंधारही. मिरची-टोमॅटोच्या रोपांना आणि लेट्यूसला रोज १४ ते १६ तास उजेड पुरतो. टोमॅटोला चोवीस तास उजेड ठेवला तर पानं पिवळी पडतात. पालक-कोथिंबिरीला मात्र मी १२ तासांच्या वर उजेड देत नाही. दिवस मोठा झाला की ती पानं सोडून फुलोऱ्याच्या मागे लागते.

सगळ्यात स्वस्त मिळतो तो चकतीचा टायमर. कडेला ९६ दात, एक दात म्हणजे १५ मिनिटं. दात दाबले की तेवढा वेळ दिवे चालू. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही लावता येतो. पण त्याची चकती लाईटवरच फिरते. लाईट दोन तास गेली की चकती दोन तास मागे. रोज दोन तास जात असेल तर सहा दिवसांत ती १२ तास मागे पडते, म्हणजे रोपांचा दिवस आणि रात्र उलटी. ज्याची लाईट क्वचित जाते त्यानं खुशाल घ्यावा. आमच्या भागात तो रोज घड्याळाशी जुळवत बसावं लागतं.

म्हणून माझं मत डिजिटल टायमरला. आत छोटी चार्ज होणारी बॅटरी असते, लाईट नसली तरी घड्याळ चालू राहतं. दिवे तेवढा वेळ बंद राहतात, पण लाईट आली की टायमर बरोबर वेळेवरून पुढे चालतो. मधला तासभर उजेड बुडाला म्हणून रोप बिघडत नाही, त्यासाठी दिवे इन्व्हर्टरवर घ्यायची गरज नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात असा टायमर हजार रुपयांच्या आसपास बसतो. दुकानात तो थोडा वेळ प्लगला लावायला सांगा, वेळ लावा, एक प्रोग्रॅम टाका आणि प्लग ओढा. आकडे दिसत राहिले, परत लावल्यावर प्रोग्रॅम जागेवर असला, तर घ्या. बरेच दिवस पडून राहिलेल्या नगाची बॅटरी उतरलेली असते, तो आधी काही तास चार्ज होऊ द्यावा.

वायफायचा स्मार्ट प्लग चांगला, पण लाईट आल्यावर बरेचसे प्लग वेळ इंटरनेटवरून घेतात. राऊटर इन्व्हर्टरवर नसेल किंवा नेट उशिरा आलं, तर दिवे वाट बघत बसतात. घरात नेट पक्कं असेल तरच त्याच्या वाटेला जा.

ऑनलाईन घेताना मागचं लेबल मोठं करून वाचा. २३० किंवा २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ लिहिलेलं पाहिजे. ६० हर्ट्झचा चकतीचा टायमर आपल्या लाईनवर तासाला १० मिनिटं मागे पडतो, दिवसाला ४ तास.

आता अँपियर. २० वॅटच्या ८ ट्यूब म्हणजे १६० वॅट, पाऊण अँपियरसुद्धा नाही. चौदा तासांना सव्वादोन युनिट. तरी मी १६ अँपियरचाच टायमर घ्यायला सांगते. एलईडी चालू होतात त्या क्षणी झटक्यात मोठा करंट ओढतात. टायमरच्या आत ‘टक्’ आवाज करणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच असतो, त्याचे पॉईंट त्या झटक्यानं हळूहळू जळतात आणि एक दिवस चिकटून बसतात. मग स्क्रीनवर ऑफ दिसतं आणि दिवे रात्रभर चालू. दिवे बरेच असतील तर टायमरवर कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा स्विच चालवावा आणि दिव्यांचा भार कॉन्टॅक्टरवर टाकावा. मोटारीच्या स्टार्टरमध्ये असतो तोच प्रकार, गावातला वायरमन जोडून देतो.

लावल्यावर तासाभरानं टायमरला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, प्लगच्या पिनांपाशी चटका बसत असेल तर सॉकेट ढिलं आहे, ते आधी बदला. टायमर ट्रेच्या वर भिंतीवर हवा, आणि वायर टायमरच्या खालून वळून वर आली पाहिजे, म्हणजे फवारणीचं पाणी वायरवरून आत उतरत नाही.

उन्हाळ्यात पत्र्याची खोली दुपारी भट्टीसारखी तापते, तेव्हा दिवे संध्याकाळी ६ ते सकाळी ८ ठेवा. प्रोग्रॅम मध्यरात्र ओलांडतो, म्हणून चालू-बंद दोन्हीला सातही वार निवडा, नाहीतर एखाद्या वारी दिवे बंदच होत नाहीत. आणि हातानं दिवे लावून बघितल्यावर बटण आधी ऑफवर न्या, मगच ऑटोवर. बऱ्याच टायमरमध्ये ऑनवरून थेट ऑटोवर गेलं की पुढची बंद व्हायची वेळ येईपर्यंत दिवे तसेच जळत राहतात.