परड्यात बिळं पडलीत? आधी कुणाची ते ओळखा, मग बंदोबस्त करा

भिंतीच्या कडेला रातोरात भुसभुशीत मातीचा ढीग पडतो. रताळ्याचा वेल उपटावा तर खाली अर्धं कुरतडलेलं रताळं निघतं. कालपर्यंत टवटवीत असलेलं पपईचं रोप आज मान टाकून उभं असतं. सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच परड्यांत हे अधूनमधून घडतं, आणि घरातला कुणीतरी लगेच औषध आणायला दुकानाकडे निघतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की तिथेच थांबा. बीळ कुणाचं हे कळल्याशिवाय काहीही करू नका. घूस, शेतातले उंदीर, घरातला उंदीर, चिचुंद्री, खेकडा आणि हुमणी यांच्या खुणा वरवर सारख्या दिसतात, पण उपाय वेगवेगळे आहेत. यातल्या एकीला तर मारायचंच नाही.

मोबाईलवर शोधायला गेलात तर परदेशी लेखांत व्होल नावाचा प्राणी भेटेल. तो आखूड शेपटीचा असतो आणि गवतातून वाटा पाडतो. भारतात तो हिमालयाच्या पट्ट्यात आहे. कृष्णाकाठी किंवा माणदेशात नाही. त्यामुळे त्याच्यासाठी सांगितलेले उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याला पाहायचं आहे ते जमिनीतलं बीळ आणि त्याच्या तोंडाशी पडलेला उकीर.

पायरी पहिली: बीळ कुणाचं?

सकाळी ऊन चढायच्या आत परड्यात फिरा. रात्रीची ताजी माती तेव्हा ओलसर आणि गडद दिसते. हातात काठी असू द्या, पायात बूट घाला आणि कुठल्याही बिळात हात घालू नका. नाग स्वतः बीळ खणत नाही, उंदराच्या बिळात राहतो.

घुशीचं बीळ ओळखायला सगळ्यात सोपं. तोंडाशी मातीचा मोठा ढीग असतो आणि बऱ्याचदा बिळाचं तोंड आतून मातीनेच बुजवलेलं असतं. म्हणून भोक दिसत नाही, फक्त उकीर दिसतो, आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. आपल्याकडे दोन प्रकारच्या घुशी आहेत. शेतातली लहान घूस साधारण २०० ते ३५० ग्रॅमची, तोंड बोथट, शेपूट अंगापेक्षा आखूड. ती ऊस, भुईमूग, गहू, ज्वारी सगळ्यावर ताव मारते आणि बिळात धान्याचा साठा करते. दुसरी मोठी घूस. ती एक किलोच्या आसपास भरते, गटार, शोषखड्डा, गोठा यांच्या आसऱ्याने राहते आणि घराचं जोतं पोखरते. कोंडीत सापडली की केस फुलवून गुरगुरते आणि चावायलाही कमी करत नाही.

खटाव, माण, आटपाडी, जत या कोरड्या आणि हलक्या जमिनीच्या भागात आणखी एक उंदीर आढळतो. पाठ पिवळसर तपकिरी, डोळे मोठे, मागचे पाय लांब, आणि अंगापेक्षा लांब शेपटीच्या टोकाला काळ्या केसांचा झुपका. त्याची बिळं उघडी असतात आणि तोंडाशी मातीचा एवढा ढीग नसतो. काळ्या रानात मऊ केसांचे लहान उंदीर उन्हाळ्यात जमिनीच्या भेगांतच मुक्काम करतात, त्यांना फार खणावं लागत नाही.

नारळ खाली पडलाय आणि देठाजवळ गोल भोक आहे, किंवा माळ्यावर रात्री धावपळ ऐकू येते, तर तो घरातला उंदीर. त्याची शेपूट अंगापेक्षा लांब. तो वर चढणारा, जमिनीतली बिळं बुजवून त्याला काही फरक पडत नाही. नारळाच्या बुंध्याला माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर हात-दीड हात रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. मात्र शेजारच्या झाडाची फांदी किंवा वायर नारळाला टेकलेली नसावी.

चिचुंद्रीचं तोंड लांबट आणि टोकदार, डोळे बारीक, अंगाला उग्र वास, आणि भिंतीच्या कडेने चीं चीं करत पळते. ती उंदीर नाही. तिचं खाणं झुरळं, किडे, अळ्या. तिच्यामुळे रताळी कुरतडली जात नाहीत. तिला राहू द्या. पिंजऱ्यात सापडली तर लगेच सोडा.

पाटण, जावळी, वाई, महाबळेश्वरकडे ओढ्याकाठी घर असेल तर खेकड्याची बिळंही दिसतील. जागा ओलसर आणि तोंडाशी चिखलाच्या गोळ्या टाकलेल्या. त्यांना हात लावायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो हुमणीमुळे. पावसाळ्यात रोप सुकलं, ओढलं तर अलगद हातात आलं, मुळं गायब; म्हणून माणसं घुशीच्या मागे लागतात. रोपाखालची माती वीतभर उकरून पाहा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट अंगाची आणि तपकिरी डोक्याची अळी सापडली, आजूबाजूला बीळ किंवा उकीर नसला, तर ती हुमणी. ऊसपट्ट्यात ती काही नवीन नाही. तिथे पिंजरा आणि चाप लावून काहीच साधणार नाही. उंदराने किंवा घुशीने खाल्लेलं मूळ, खोड किंवा कंद पाहिला तर त्यावर जोडीजोडीने दातांचे चरे दिसतात.

पायरी दुसरी: बीळ चालू आहे का?

जुनी, सोडून दिलेली बिळं वर्षानुवर्षं तशीच राहतात. त्यांच्यावर श्रम घालवू नका. संध्याकाळी परड्यातली सगळी उघडी तोंडं ओल्या मातीने बुजवा आणि प्रत्येकाजवळ एक काटकी रोवा. सकाळी जी तोंडं पुन्हा उघडलेली असतील तीच चालू बिळं.

घुशीच्या बाबतीत हे उलटं करावं लागतं, आणि इथेच लोक फसतात. तिचं बीळ आधीच बुजलेलं असतं. म्हणून उकीर काठीने बाजूला सारून तोंड मोकळं करा. सकाळी ते नव्या मातीने पुन्हा बंद झालेलं दिसलं तर घूस आत आहे. एका घुशीच्या बिळाला अनेक तोंडं असतात, तेव्हा पाच ढीग म्हणजे पाच घुशी असा हिशोब करून घाबरून जाऊ नका.

पायरी तिसरी: आसरा आणि खाणं काढून घ्या

मला विचाराल तर निम्म्याहून जास्त काम इथेच होतं, आणि नेमकी हीच पायरी टाळली जाते. सरपण, शेणी, कडबा, जुन्या विटा, कौलं भिंतीला लावून जमिनीवर रचलेली असतील तर त्याखाली बीळ होणारच. लाकडांना फुट-दीड फूट उंच मांडण करा आणि ती भिंतीपासून दोन फूट लांब ठेवा, म्हणजे खालून झाडू फिरेल आणि मांजरही जाईल. कुंपणाच्या आणि घराच्या कडेचं गवत कापून तीन-चार फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. मोकळी जागा ओलांडायला उंदीर बिचकतो.

कोंबड्यांचं खाद्य, कुत्र्याची भाकरी, जनावरांची पेंड रात्री उघड्यावर राहू देऊ नका. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. प्लॅस्टिकचा डबा घूस एका रात्रीत फोडते. शिळं अन्न उकिरड्यावर वरच टाकू नका, मातीखाली दाबा. उन्हाळ्यात गळका नळ आणि मोरीचं साचलेलं पाणी हे सुद्धा त्यांना बोलावणंच असतं.

ऊसतोडीनंतर आच्छादनासाठी पाचट परड्यात आणणारे बरेच जण आहेत. पाचट जमिनीसाठी फार चांगलं, पण आळ्यात खोडापर्यंत दाटून भरू नका. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर त्याच्या आडोशाने साल सोलली जाते.

पायरी चौथी: सापळा

शेतातल्या उंदरासाठी आणि लहान घुशीसाठी मोठ्या मापाचा चाप मला सगळ्यात बरा वाटतो. जीव एका झटक्यात जातो आणि घरात विष येत नाही. उंदीर नव्या वस्तूला बुजतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाप न ओढता नुसतंच खाणं लावून ठेवा. भज्याचा तुकडा, सुकं खोबरं, तेल लावलेली भाकरी, सुका बोंबील यांतलं काहीही चालतं. खाणं दोऱ्याने बांधा, नाहीतर अलगद पळवलं जातं. ते खाल्लं जातंय असं दिसलं की मग चाप ओढा. जागा भिंतीच्या कडेला, खाण्याची बाजू भिंतीकडे. उंदीर उघड्यावरून चालत नाही, कड धरून चालतो. वर खोकं किंवा पाटी पालथी घाला आणि एका बाजूने वाट ठेवा, म्हणजे मांजर आणि कोंबडी सापडणार नाही. संध्याकाळी लावा आणि सकाळी उचला, दिवसा खार किंवा साळुंकी अडकते.

पिंजऱ्याची अडचण पुढे येते. जिवंत घूस नेऊन दुसऱ्याच्या शेताकडेला सोडणं म्हणजे आपलं दुखणं त्याच्या गळ्यात घालणं, आणि पिंजरा पाण्यात बुडवणं निर्दयपणाचं आहे. चिकट पुठ्ठा तर आणूच नका. त्यावर पाली, चिचुंद्र्या, चिमण्या तडफडत मरतात. मेलेला प्राणी उघड्या हाताने उचलू नका. पिशवी हातात घालून उचला आणि विहीर, बोअर, ओढ्यापासून लांब दोन फूट खोल पुरा.

पायरी पाचवी: जोतं आणि आळी बंदिस्त करा

मोठी घूस पकडण्यापेक्षा तिची वाट बंद करणं जास्त टिकतं. आधी ती आत नाही याची खात्री करा. बाहेर पडायच्या वाटेवर रात्री पीठ भुरभुरलं तर सकाळी पावलं दिसतात. मग बिळात खडी आणि फुटक्या काचा ठासून भरा आणि वरून सिमेंटचा माल ओता. नुसती माती किंवा विटांचा चुरा घातला तर ती पुन्हा खणते. मोरीच्या आणि गटाराच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवा. जोत्याखालच्या बिळात पाइप सोडून पाणी भरू नका. घूस दुसऱ्या तोंडाने निघून जाते आणि खचते ती आपल्याच घराखालची माती.

भाजीच्या वाफ्याला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला पाव इंची भोकांची जस्ती जाळी लावा. ती जमिनीत दीड-दोन फूट गाडा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा. खणत येणारा प्राणी त्या वळणावर अडतो. आंबा, पेरू, डाळिंबाच्या कोवळ्या रोपाला याच जाळीची नळी करून खोडाभोवती सैल बसवा. एकदाच होणारा खर्च आहे, तो करा.

विषाबद्दल

झिंक फॉस्फाइड हे शेतासाठी सांगितलेलं औषध आहे. त्यावर उतारा नाही, आणि लहान मुलं, कुत्री, कोंबड्या वावरतात त्या परड्यात त्याला जागा नाही. धान्य टिकवायच्या सेल्फॉससारख्या गोळ्या तर सर्वसामान्य माणसाने वापरायच्याच नाहीत, त्यांच्या विक्रीवर आणि वापरावर कायद्याने निर्बंध आहेत. घराजवळच्या बिळात टाकलेल्या गोळीचा वायू फटीतून झोपायच्या खोलीत येतो आणि माणसं दगावतात. पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट घरात ठेवूच नका. ती पोटात गेली तर पहिले एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होतं.

बाकी सगळं करूनही घूस हटत नसेल तर ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या हा त्यातल्या त्यात कमी धोक्याचा मार्ग. त्याने रक्त गोठत नाही, मरण चार-पाच दिवसांनी येतं, आणि अपघाताने पोटात गेलं तर दवाखान्यात व्हिटॅमिन के-१ देऊन उपचार होतो. वडी चालू बिळात खोल सारा आणि तोंड बुजवा. मेलेला उंदीर रोज शोधून पुरा, नाहीतर तो खाऊन मांजर किंवा घुबडही मरू शकतं. कुठलंही उंदराचं औषध माणसाच्या पोटात गेलं तर लक्षणांची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचं वेष्टन बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

मदतीला येणारे

धामण बिळात शिरून उंदीर आणि त्यांची पिल्लं खाते, आणि ती बिनविषारी आहे. बत्तीस शिराळ्यासारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तरी धामणीला काठीने मारलं जाऊ नये. साप घरात आला तर सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गव्हाणी घुबडाचं तर खाणंच उंदीर-घुशी. ते अशुभ मानून हाकलणं हे आपलंच नुकसान. त्याला जुन्या वाड्याच्या कोनाड्यात किंवा पाण्याच्या टाकीखाली राहू द्या. धामण आणि घुबड दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

कधी करायचं?

मे महिना सगळ्यात योग्य. रानात खायला कमी, उंदरांची संख्या कमी, बिळं कोरड्या जमिनीत स्पष्ट दिसतात आणि पावसाळ्यातली वीण अजून सुरू व्हायची असते. गल्लीतली सगळी घरं एकाच आठवड्यात हे काम करतील तरच टिकतं. एकट्याने केलं तर शेजारची घूस रिकाम्या बिळात राहायला येते. दुसरी वेळ ऊसतोडीची. फड रिकामा झाला की त्यातले उंदीर आसऱ्यासाठी जवळच्या परड्यांकडे वळतात, म्हणून शेजारच्या रानात कोयते लागायच्या आधी गवताचा पट्टा आणि मांडण तयार हवी.

तिसरी वेळ पुराची. २०१९ सारखं कृष्णेचं पाणी गावात शिरतं तेव्हा काठावरची बिळं बुडतात आणि उंदीर, घुशी, साप सगळेच उंचवट्यावर येतात. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो जखमेतून शरीरात शिरतो. लेंड्या कोरड्या झाडून काढू नका, ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून मग पुसा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं किंवा डोळ्यांना लाली आली तर डॉक्टरांकडे जा, आणि आपण चिखलात काम केलं होतं हे त्यांना न विचारता सांगा.