सातपुडा ओलांडायच्या आधी बीकनची तयारी

जळगावहून छोटं विमान घेऊन उत्तरेला निघालात की तापीकाठी केळीच्या बागा दिसतात, आणि यावल-चोपड्याच्या पुढे लगेच सातपुड्याचं जंगल. इंधन, हवामान, फ्लाइट प्लॅन हे सगळे बघतातच. बीकनसाठी, म्हणजे अपघात झाला तर उपग्रहामार्फत मदतीचा संकेत देणाऱ्या यंत्रासाठी, मात्र वेगळा वेळ काढा.

सुरुवात शेपटीपासून. ईएलटी, म्हणजे विमानातच बसवलेला बीकन, ब्रॅकेटमध्ये पक्का आहे ना, अँटेनाची केबल सैल नाही ना, बॅटरी बदलायची तारीख उलटली नाही ना, हे डोळ्यांनी बघा. नुसत्या लॉगबुकातल्या सहीवर जाऊ नका. कॉकपिटातला त्याचा स्विच 'आर्म'वर, म्हणजे धक्का बसला की आपोआप सुरू होईल असा हवा. सेल्फ-टेस्ट करायचीच असेल तर टॉवरला सांगून, तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत.

जुन्या विमानात फक्त 121.5 मेगाहर्ट्झचा ईएलटी असेल तर त्याच्या भरवशावर निघू नका. उपग्रहांनी ती फ्रिक्वेन्सी ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलंय. आता ती जवळ आलेल्या शोधपथकाला दिशा दाखवण्यापुरती उरली आहे. 406 मेगाहर्ट्झचाच हवा. तो साधारण दर 50 सेकंदांनी आपला ओळख क्रमांक वर उपग्रहांकडे पाठवतो.

आता त्या क्रमांकामागे कोणाचं नाव आहे ते बघा. भारतासाठी कोड केलेला बीकन बंगळूरच्या इस्रोच्या केंद्राकडे नोंदवायचा असतो. विमान विकत घेतलं आणि नोंद जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर चौकशीचा फोन त्याला जाणार आणि तो म्हणणार, "विमान? ते तर मी कधीच विकलं!" मामेभावाने अमेरिकेहून आणून दिलेल्या बीकनमध्ये तिकडचा देश-कोड असतो, तोही आधी निस्तरा. संपर्कासाठी असा माणूस द्या जो फोन उचलतो आणि ज्याला तुमचा मार्ग, सोबत किती जण आहेत, हे माहीत आहे.

ईएलटी धक्क्याने आपोआप सुरू होतो खरा, पण आदळल्यावर केबल तुटते, अँटेना दबते, आग लागते. म्हणून पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचा छोटा बीकन, मी सक्तीचाच धरतो, आणि तो अंगावरच्या जाकिटाच्या खिशात. मागच्या सीटवरच्या बॅगेतला असून नसल्यासारखा. तो हाताने सुरू करावा लागतो, तेव्हा मॅन्युअल वाचून, बटण न दाबता, एकच हात चालत असेल तर कसं जमेल याचा अंदाज घ्या. सागाच्या गर्द झाडीत पडलात तर मोकळी जागा गाठा, अँटेना आभाळाकडे सरळ. बॅटरी किमान 24 तास चालते. मधेच बंद-चालू करत बसू नका. मे महिन्यात तो उन्हात उभ्या विमानात ठेवून जेवायला जाऊ नका.

शिट्टी आणि छोटा आरसाही त्याच खिशात टाका. जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ प्रशिक्षण विमान डोंगरात कोसळलं, तेव्हा मदतीला आधी धावले ते गावातले आदिवासी. हाक ऐकू येईल इतक्या जवळ माणसं असतात.

उतरल्यावर इंजिन बंद करण्याआधी रेडिओ क्षणभर 121.5 वर लावा. सायरनसारखा चढउतार आवाज आला तर तुमचाच ईएलटी दणक्याने सुरू झालेला असू शकतो. आधी टॉवरला कळवा, मग स्विच रीसेट करा.