तालमीची बॅग भरताना

पोरगा तालमीत राहायला निघाला की घरात बदाम, तूप आणि थंडाईचंच बोलणं सुरू असतं. खुराकाकडे वस्ताद लक्ष देतातच. तुम्ही आधी त्याच्या कातडीकडे बघा. नायट्यापायी महिना महिना मेहनत बुडालेली पोरं मी पाहिली आहेत आणि त्यातला एक मीच होतो.

लंगोट निदान चार द्या. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मग सकाळचा ओला लंगोट संध्याकाळी पुन्हा बांधला जातो आणि जांघेत नायटा धरतो. पंचे दोन, साबण आणि वस्तरा स्वतःचा. प्रत्येक कपड्यावर रंगीत दोऱ्याची खूण घाला. एका खोलीत दहा पोरं आणि वाळत घालायला एकच दोरी असली की पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर जातो. "माझा पंचा देणार नाही" असं म्हणायला लाजू नकोस, हे त्याला घरूनच शिकवून पाठवा.

नखं अगदी बारीक कापा. मग उजेडात उभं करून मान, कानामागची जागा, काखा, जांघा, पाठ बघा. कडेने लालसर उठलेला, खाजणारा गोल चट्टा बहुधा नायट्याचा, म्हणजे बुरशीचा असतो. मधासारखी पिवळी खपली धरणारे फोड किंवा गरम, दुखरं गळू जिवाणूंचं असतं. एका जागी बारीक पाणीदार फोडांचा झुपका, आग आणि ताप असेल तर हर्पीस या विषाणूच्या आजाराची शंका घ्या. १९८९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना तो झाला होता. डोळ्याजवळ फोड आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

औषधाच्या पुडीत स्टिरॉइडची ट्यूब मात्र ठेवू नका. मी मेडिकलमधून अशीच एक आणली होती. दोन दिवसांत खाज थांबली, चट्टा फिका पडला, मी पुन्हा लढायला उतरलो. बुरशी आत वाढतच होती. पंधरवड्यात पाठभर पसरली आणि माझ्या जोडीदारालाही लागली. ते मला आजही सलतं. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं दिसलं तर ती नायट्याला लावायची नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि चट्टा गेला तरी त्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा.

हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल पडतं, म्हणून जुनी माणसं तिला औषध मानतात. मातीला मीही कपाळ लावतो, पण नायटा अंगाला अंग लागून येतो, तिथे माती आड येत नाही. घाम जिरला की गप्पा मारत न बसता आंघोळ करायची, जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या. मॅटवर सराव असेल तर तिथले बूट संडासात न्यायचे नाहीत. मॅट रोज पुसली जाते का, हेही विचारा: एक भाग ब्लीचला शंभर भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून मग पुसायचं.

पोराला सोडायला जाल तेव्हा वस्तादांशी एवढं बोलून या, की चट्टा दिसला तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला लढतीला उतरवू नका. अंगात ताप नसेल तर जोर-बैठका त्याने एका बाजूला, आपल्या सतरंजीवर माराव्यात.