माशांच्या खाद्याला लसूण-हळद लावायची कशी (बोडी, शेततळंवाल्यांसाठी)

भाऊ, रोग होऊ नये म्हणून बोडीतल्या (गावच्या लहान तळ्यातल्या) माशाला लसूण द्या, हळद द्या असं मोबाईलवर सगळेच सांगून राहिले, पण ते खाद्याला चिकटवायचं कसं हे कोणी धड सांगत नाही आणि सगळा पैसा तिथंच पाण्यात जातो. मी पहिल्या वर्षी हळद कोरड्याच गोळी खाद्यावर भुरभुरवली नि बोडीत टाकली, तर लगेच पाण्यावर पिवळा तवंग पसरला. मासा गोळी खाऊन गेला, हळद पाण्यालाच मिळाली.

आधी माप. समजा बोडीत रोहू, कटला, मृगळ मिळून 1000 मासे आहेत, सरासरी वजन 200 ग्रॅम, म्हणजे 200 किलो मासा. माशांच्या वजनाच्या 2 टक्के धरलं तर दिवसाला 4 किलो खाद्य. मी किलोला 10 ग्रॅम लसूण नि 5 ग्रॅम हळद धरतो, म्हणजे 4 किलोला 40 ग्रॅम लसूण, 20 ग्रॅम हळद. एवढंच. जास्त टाकलं तर जास्त फायदा असं बिलकुल नाही, उग्र वासानं मासा खाद्य सोडून देतो नि ते तळाला सडतं.

लसूण सोलून ठेचा आणि 10 मिनिटं तसाच ठेवा. तो जो नाकात जाणारा वास आहे ना, तो ॲलिसिनचा, अख्ख्या पाकळीत तो नसतो, ठेचल्यावरच तयार होतो, आणि खाद्याला चिकटवायला जी तांदळाची पेज करतो, ती गरम असताना टाकला की उडून जातो, म्हणून पेज पूर्ण थंड झाल्यावरच लसूण घाला. हळदीचं वेगळं आहे, तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हळद आधी जवसाच्या तेलात कालवतो, किलो खाद्याला दोन लहान चमचे तेल पुरतं. हळकुंडं घेऊन घरी दळा, बाजारातल्या स्वस्त पुडीत रंगाची भेसळ असू शकते. आपल्या वर्ध्याकडची वायगावची हळद मिळाली तर उत्तमच, 2016 मध्ये तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, कर्क्युमिन जास्त म्हणूनच तिचं नाव आहे.

आता लावायचं. घमेल्यात गोळी खाद्य घ्या, वरून हळदीचं तेल, मग लसूण घातलेली तांदळाची घट्ट पेज थोडी थोडी सोडत हातानं खालीवर करा, गोळी ओली दिसली पाहिजे पण लगदा नाही झाला पाहिजे. मग सावलीत पोत्यावर पसरून अर्धा-एक तास सुकवा नि त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. कोंडा नि ढेप देत असाल तर त्यातच मळून गोळे करा. तयार झाल्यावर एक मूठ काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून पाहा, लगेच पाणी गढूळ पिवळं झालं तर पेज पातळ पडली.

पंधरा दिवस द्यायचं, आठवडाभर साधं खाद्य, मग पुन्हा, ही माझी पद्धत. सुरुवात दिवाळीच्या आसपास करा कारण अंगावर लाल चट्टे पडायचा रोग थंडीतच डोकं काढतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील किंवा आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी खाद्यच नको, तिथं ऑक्सिजन कमी झालाय, हळद काय करेल. आणि जखमा दिसायला लागल्या तर लसणाच्या भरवशावर बसू नका, नागपूरला तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथं नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात मासा दाखवा. मनानं अँटिबायोटिक तर टाकूच नका, क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे.

एक गोष्ट मनापासून सांगतो, झाडपाला म्हणजे निर्धोक हे डोक्यातून काढा. मोहाची ढेप आपल्या भागात स्वस्त मिळते म्हणून कोणी खाद्यात मिसळली तर घात होईल. तिच्यातल्या सॅपोनिन नावाच्या विषारी द्रव्यानं मासा मरतो, म्हणूनच तर बीज (माशाची लहान पिल्लं) सोडायच्या आधी नको असलेले मासे मारायला मीटरभर पाण्यात हेक्टरी 2000 ते 2500 किलो तीच टाकतात, आणि नंतर दोन-तीन आठवडे बीज सोडत नाहीत. कडुलिंबाचंही तसंच, माप माहीत नसेल तर हात लावू नका. कच्चं सोयाबीन भाजल्याशिवाय नाही. दुकानात "हर्बल" लिहिलेला पुडा घ्यायच्या आधी मागं काय काय घातलंय ते वाचा, मला एकदा विकलेल्या पुड्यावर एका झाडाचं नाव नव्हतं, तो मी वापरलाच नाही.

फरक पडतो का हे नुसतं डोळ्यानं कळत नाही. दोन शेततळी असतील तर एकात लावलेलं, एकात साधं द्या, दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड वेळी जाळं टाकून 25-25 मासे वजन करा, ओल्या हातानं धरा नि लगेच सोडा. वहीत तारीख, वजन, खाद्य किती गेलं, मेलेले किती, एवढं लिहा. दोन महिन्यांत वहीत फरक दिसला नाही तर लसणाचा खर्च बंद करा नि तो पैसा चुन्यात नि चांगल्या बिजात घाला.