ज्येष्ठांची चिंता-नैराश्यावरील औषधे कमी करताना या चुका टाळा

दिवसभर गुंगी राहणे, चालताना तोल जाणे, रक्तातील सोडियम घटणे अशा कारणांनी सत्तरीपुढील व्यक्तीची चिंता किंवा नैराश्यावरील औषधे कमी करण्याचा विचार पुष्कळदा रास्तच असतो. बिघडते ते घाईने, आणि ही घाई रुग्णापेक्षा घरच्यांनाच अधिक असते.

वडील रात्री पडले म्हणून झोपेची गोळी त्याच दिवशी बंद करणे ही सर्वांत धोकादायक चूक आहे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम किंवा लोराझेपाम यांसारखी झोपेची वा चिंतेवरील गोळी अनेक महिने रोज घेतल्यावर एकाएकी थांबवल्यास निद्रानाश, थरथर, भ्रमिष्टपणा आणि आकडीही येऊ शकते. म्हणून डॉक्टर साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के एवढीच घट करतात आणि त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबतात.

आपल्याकडे क्लोनाझेपाम आणि नैराश्यावरील एस्सिटॅलोप्राम एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. ‘एकच तर गोळी आहे’ असे समजून ती अर्धी केली, की दोन वेगळ्या स्वभावांची औषधे एकाच वेळी निम्मी होतात आणि त्रास कशामुळे झाला हे कोणालाच सांगता येत नाही. आधी डॉक्टरांकडून दोन्ही औषधे सुटी लिहून घ्यावीत आणि एका वेळी एकच कमी करावे.

नैराश्यावरील औषधांत शेवटचा टप्पा सर्वांत अवघड असतो, याची कल्पना अनेकांना नसते. मात्रा आणि मेंदूवरील परिणाम सम प्रमाणात घटत नाहीत. एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणणे जितके सोपे जाते, तितके ५ वरून शून्यावर येणे जात नाही. तेथे आणखी लहान पायऱ्या लागतात. पॅरॉक्सेटीनसारखे शरीरातून लवकर उतरणारे औषध एक दिवसाआड दिल्यास रक्तातील त्याचे प्रमाण सतत वरखाली होते. त्यापेक्षा रोज थोडी कमी मात्रा बरी. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मात्र तोडू किंवा कुटू नयेत.

घट केल्यावर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड किंवा डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटू लागले, तर तो बहुधा औषध सुटण्याचा त्रास असतो. मूळ आजार सहसा काही आठवड्यांनी आणि हळूहळू डोके वर काढतो. हा फरक न ओळखल्यामुळे कित्येकांना औषध ‘जन्मभर लागणारच’ असे ठरवून टाकले जाते. तारीख, मात्रा, झोप आणि तोल यांची रोजची नोंद ठेवल्यास डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते.

झोप येत नाही म्हणून सर्दीच्या गोळ्या किंवा जुन्या चिठ्ठीवरची औषधे देऊ नयेत. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी वृद्धांत गोंधळ आणि लघवी अडण्याचा त्रास होतो. आकडी आली, भास होऊ लागले किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मानसिक आधारासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो.